वासाचे बारा गुण

इनास परेरा गेल्याची बातमी मला क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर कळली. सकाळचे सव्वादहा वाजले होते. दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात मी नव्याने आलेल्या रंगाचे डबे उघडून तपासत होतो. गेली एकोणीस वर्षे मी तेच करतो. क्लबच्या अध्यक्षांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या : इनास काल सायंकाळी शारजातल्या राहत्या घरी हृदयविकाराने गेला, प्रार्थनेची वेळ नंतर कळवू. त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग होती आणि त्या रांगेच्या मधोमध आणखी एक संदेश होता : हिवाळी स्पर्धेसाठी बाटल्या जमा करण्याचा शेवटचा दिवस शुक्रवार, उशिरा आलेल्या प्रवेशिका स्वीकारल्या जाणार नाहीत. तो संदेश माझा होता. आदल्या दिवशी लिहून ठेवलेला, वरचं काही न वाचता पाठवलेला. मी तो पुसला नाही. पुसला असता तरी सर्वांनी वाचलाच होता.

नंतर क्लबने स्पर्धेच्या पत्रिकेसाठी माझ्याकडून चार ओळी मागितल्या. मी लिहून दिल्या. ‘क्लबचं नाक हरपलं’ असं काहीतरी होतं त्यात. लोकांना आवडलं. त्या चार ओळींत जे नव्हतं ते आता, सहा आठवड्यांनी, लिहितो आहे. इनासच्या पत्नीला, रेजिनावहिनींना, विचारून लिहितो आहे. त्या म्हणाल्या, “लिहा. पण अर्धं लिहू नका.”

आमचा क्लब घरी बिअर करण्याची हौस असलेल्यांचा. या देशात घरी ती करण्याला मुभा नाही, म्हणून आमची घरची बिअर घराबाहेर होते. अबुधाबीत परवाना असलेलं एक छोटं ब्रूपब आहे. बिअर तिथेच तयार होते आणि तिथेच विकली जाते. महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी तिथली मागची खोली आम्हाला मिळते. वीस-वीस लिटरची पातेली, प्रत्येकाची स्वतःची कृती. वर्षातून दोनदा स्पर्धा. बाटल्यांवर नावाऐवजी आकडे, परीक्षक दोघादोघांच्या जोडीने, आणि पन्नास गुणांचा एक कागद. त्यातले वीस गुण चवीचे, बारा वासाचे, उरलेले रंग, फेस, जिभेवरचा दाटपणा आणि एकूण समाधान यांचे. मुलं कॉलेजात गेलेली, केस विरळ झालेली माणसं या कागदासाठी एकमेकांशी महिनामहिना अबोला धरतात, हे मी पाहिलं आहे. धरलाही आहे.

पहिल्याच स्पर्धेच्या दिवशी माझ्या हातातली बाटली पाहून एक ठेंगणा, जाड मिशांचा माणूस जवळ आला.

“मराठी वाटता. कुठले?”

“मिरजेचा.”

“मिरज म्हणजे तंबोरे! तुमच्या घराण्यात पंचामृताच्या पुढे कोण गेलंय?”

“मीच पहिला.”

“मग ती बाटली तंबोऱ्यासारखी काय धरलीस? मानेला धर, पोटाशी धरलं की हाताने तापते ती.”

‘तुम्ही’पासून ‘तू’पर्यंत यायला त्याला एवढाच वेळ लागला. तो वसईचा, इनास. त्या दिवशी तो परीक्षक होता. पेल्यांत ओतल्यावर माझी बिअर कोणती हे त्याला ठाऊक नव्हतं, पण एका पेल्यावर नाक नेताच तो म्हणाला, “हे उकळताना पातेल्यावर झाकण ठेवलंय कुणीतरी. शिजलेल्या मक्याचा वास येतोय.” झाकण मी ठेवलं होतं. गॅस वाचावा म्हणून. पन्नासातले एकवीस गुण मिळाले, आणि परतीच्या बसमध्ये त्याने शेजारी बसून मला उकळण्याबद्दल जे सांगितलं, ते अजून मी तसंच करतो. बस, कारण थेंबभर पोटात गेल्यावर गाडीला हात लावण्याची सोय इथे नाही. त्यामुळे आमची सारी मैत्री अबुधाबी ते दुबई या बसमधली. तिथून तो पुढे शारजाला जायचा. तिथे मद्य घरात ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या बक्षीसपात्र बाटल्या सगळ्या माझ्या फ्रीजमध्ये असायच्या. “रवीसाहेब, माझ्या पोरांना नीट सांभाळा,” असं तो निरोप घेताना म्हणायचा. त्याला मूल नव्हतं. हे तो हसतच म्हणायचा.

नाक ही त्याची नुसती हौस नव्हती, ते त्याचं पोट होतं. दुबई मरीनाजवळच्या एका हॉटेलात माल उतरवून घेण्याच्या धक्क्यावर तो बावीस वर्षे होता. पहाटे मासळी, दूध, भाजी घेऊन ट्रक यायचे आणि इनास खोक्यावर वाकायचा. त्याने मान हलवली तर माल आत, नाहीतर ट्रक परत. त्यासाठी ड्रायव्हर त्याला शिव्या घालत आणि शेफ त्याला सलाम करत. त्यातला एक शेफ आमच्या क्लबातही यायचा.

मग त्याला एक ताप आला. चार दिवसांचा, साधा. त्यानंतर काही महिन्यांनी बसमध्ये, खिडकीकडे पाहत, तो म्हणाला, “एक सांगू? कुणाला बोलायचं नाही.”

“बोल ना.”

“मला वास येत नाही.”

“सर्दी असेल रे.”

“पाच महिन्यांची? परवा रेजिनाने सुकट भाजली. शेजारचा इजिप्शियन दार ठोकायला आला, अन् मी सोफ्यावर बसून तिला विचारतोय, आज जेवायला काय!” तो स्वतःच हसला. मीही हसलो. मग दोघेही थांबलो.

“हॉटेलात?”

“डोळ्यांनी करतो. कल्ले बघतो, अंगठ्याने दाबतो, बुबुळ बघतो. दुधाला जीभ लावतो. चूक नाही झाली अजून. पण कळलं ना त्यांना, तर खलास. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला नवा व्हिसा कोण देणार, हबीबी?”

“मग परीक्षक म्हणून बसणं तरी सोड.”

“सोडतो. काय कारण सांगू? तो शेफ येतो तिथे. पहिला प्रश्न तोच विचारेल. तू माझ्या शेजारी बस. चांगला वास असला तर एकदा पाय दाब, खोट असली तर दोनदा. बाकी जिभेवर मी निभावतो.”

मी हो म्हणालो. रंगाच्या डब्यात एक टक्का कमीजास्त झालं तरी माल परत पाठवणारा मी, हो म्हणालो. दोन स्पर्धा आम्ही तशा पार पाडल्या. टेबलाखाली माझा बूट त्याच्या बुटावर, आणि वर इनास परेरा डोळे मिटून पेल्यावर वाकलेला. कुणालाही संशय आला नाही. उलट अध्यक्ष म्हणाले की इनास हल्ली अधिक विचार करून बोलतो. माझ्या मनाला ती लबाडी टोचली असं मी इथे लिहिलं तर ते खोटं ठरेल. मला ती आवडत होती. क्लबचा सगळ्यात मोठा परीक्षक माझ्या पायाच्या अंगठ्यावर चालतो आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी होतो.

तिसऱ्या स्पर्धेत मी गव्हाची बिअर केली. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास हे तिचं लक्षण. आपली बिअर असेल त्या टेबलावर बसायचं नाही, हा नियम. त्यामुळे गव्हाच्या टेबलावर इनास आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याच एक परीक्षक बाई बसणार होत्या. जाताना बसमध्ये तो घाबरलेला होता. “तू नसशील, मग मी काय करू?” मी म्हणालो, “त्या बाई काय म्हणतात ते ऐक, वासाच्या रकान्यात तेच लिही.” आणि मग, अगदी सहज विषय निघाल्यासारखं, मी त्याला माझ्या बिअरचा रंग सांगितला. मधासारखी पिवळी, तळाला ढगाळ, फेस बोटभर टिकणारा. तो माझ्याकडे बघत राहिला. माझं ते बोलणं सहज नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

माझी बिअर चौथी आली. पहिल्या तिघांना पदक. कागद हातात आला तेव्हा इनासचं ठेवणीतलं, चर्चच्या शाळेतलं वळणदार अक्षर दिसलं : ‘जिभेवर पातळ. केळ्याचा वास अपुरा.’ वासाला बारापैकी सहा. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि परत येताना दोन तास एक शब्द बोललो नाही. तोच बोलला. “रागावलास?” मी म्हणालो, “छे.” “पातळ होती रे,” तो म्हणाला. “मला ओळखता आली होती, म्हणून तर दोनदा चाखली. पातळच होती.”

ती पातळच होती. आज मी हे लिहू शकतो. धान्य भिजवताना पाण्याचं तापमान माझ्या हातून उतरलं होतं आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य घर करून बसलं : ज्याला सुकट कळत नाही, तो मला केळं शिकवतो. पुढचे चार महिने मी त्या वाक्याला चांगले कपडे घालत गेलो. स्पर्धा प्रामाणिक असायला हवी. इतर सभासदांवर अन्याय होतो. हॉटेलात लोक मासळी खातात, उद्या कुणाला विषबाधा झाली तर? यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. फक्त दीड वर्षं तो मला सुचला नव्हता, एवढंच. माझ्या बिअरला सहा गुण पडेपर्यंत मला हॉटेलातल्या कुणाच्याही पोटाची काळजी वाटली नव्हती.

स्पर्धेआधी परीक्षकांचा सराव होतो. सहा पेले भरायचे. पाचांत एकेक खोट मुद्दाम मिसळायची, कशात आंबलेपणा, कशात लोण्याचा वास, आणि एक पेला स्वच्छ ठेवायचा. परीक्षकांनी ओळखायचं. रिवाज असा की सर्वांत ज्येष्ठ माणसाने आधी बोलायचं, म्हणजे नवे लोक त्याच्यावरून शिकतात. पुढच्या स्पर्धेच्या सरावात पेले तयार करण्याचं काम मी मागून घेतलं. इनासला सांगितलं, “मी समोरच उभा असेन. खोट असली की मान आडवी, स्वच्छ असला की उभी.” तो म्हणाला, “बरं झालं, टेबलाखाली माझा बूट खराब होत होता.”

पाच पेले नीट पार पडले. सहावा स्वच्छ असायला हवा होता, त्यात मी घराजवळच्या किराणा दुकानातलं गुलाबपाणी घातलं होतं. थेंब नाही, दोन चमचे. पेला टेबलावर येण्याआधीच खोलीभर लग्नमांडवाचा वास पसरला. पलीकडचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले, कुणीतरी खोकला. तो शेफही त्या दिवशी आलेला होता. इनासने पेला उचलला, डोळे मिटले, नाक खाली नेलं आणि मग, नेहमीप्रमाणे, माझ्याकडे पाहिलं.

मी मान उभी हलवली.

रेजिनावहिनी सोडल्या तर हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं मी एक चेष्टा केली आणि ती वर्मी लागली. चेष्टा नव्हती ती. त्याने माझ्याकडे विश्वासाने पाहिलं आणि मी त्याला खोटं सांगितलं.

“क्लीन,” इनास म्हणाला. “सुंदर. काही दोष नाही.”

हसू फुटायला एक क्षण गेला, आणि मग ते थांबेना. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्यांना तो विनोद वाटला. शेफ हसला नाही. तो इनासकडे निरखून बघत होता, इनास एखाद्या माशाकडे बघायचा तसा. इनासने पेला शांतपणे खाली ठेवला आणि मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, “काय आहे त्यात?”

“गुलाबपाणी.”

“अच्छा... पुष्कळ घातलंस का?”

मी पेले गोळा करू लागलो. त्याने खिशातला रुमाल काढून मिशी पुसली, सर्वांना “यल्ला, सी यू” म्हणाला आणि गेला. मी तासाभराने थांब्यावर पोहोचलो तेव्हा त्याची बस सुटलेली होती.

पुढचं मी दुरून ऐकलं. हॉटेलात त्याची परीक्षा घेण्यात आली. त्याला धक्क्यावरून काढून चादरी-टॉवेलांच्या भांडारात बसवलं. बावीस वर्षे ट्रक परत पाठवणारा माणूस उशांच्या खोळी मोजू लागला, आणि करार संपला तेव्हा तो पुन्हा झाला नाही. क्लबच्या गटात मात्र तो राहिला, काही न लिहिता. मी त्याला फोन केला नाही. आधी लाज वाटली म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून, आणि शेवटी सवय झाली म्हणून. गुलाबपाण्याने माणूस मरत नाही, हे मला कळतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं आहे आणि ते खरं असेल. पण त्याच्या शेवटच्या आठ महिन्यांत जे काही त्याच्या वाट्याला आलं, ते माझ्या मानेच्या एका हालचालीने आलं. ते मी डॉक्टरांवर ढकलू शकत नाही.

तो गेल्याला महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना, मिस्सा, झाली. मी मागच्या बाकावर होतो, वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, “घरी या एकदा. माझा व्हिसा संपतोय, मग मी वसईला.” मी गेलो. शारजाच्या त्या दोन खोल्यांत भिंतीला लागून खोकी रचलेली होती. वहिनी स्वयंपाकघर आवरत होत्या. खिडकीपाशी औषधाच्या असतात तशा चार छोट्या तपकिरी बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. मी पाहतो आहे हे पाहून त्या म्हणाल्या, “त्याच्या आहेत. लवंग, लिंबाची साल, कॉफी, निलगिरी. डॉक्टरने सांगितलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, नाक पुन्हा शिकतं म्हणे. तो डोळे मिटून बसायचा, मी एकेक समोर धरायची. ताप आल्यापासून कधी चुकवलं नाही. जवळजवळ तीन वर्षं म्हणायचा, पाणी आहे, पाणी आहे, हेही पाणी आहे.”

मला हे ठाऊक नव्हतं. इतक्या बसच्या प्रवासांत त्याने मला हे एकदाही सांगितलं नव्हतं. कदाचित मी विचारलं नव्हतं.

“जायच्या आधी पंधरा दिवस असतील,” वहिनी म्हणाल्या, “दुपारचाच बसला होता. मी बाटली धरली तर म्हणाला, थांब. ही निलगिरी. मी म्हटलं, अंदाजाने बोलतोस. तर म्हणाला, अदलाबदल करून दे. सहा वेळा दिली. सहाही वेळा बरोबर. रडला मग. आणि पहिला फोन तुम्हाला लावला. म्हणाला, रवीला सांगायला पाहिजे. पण लागला नाही, म्हणाला.”

लागला होता. मी गोदामात होतो, त्याचं नाव दिसलं, आणि मी फोन पालथा घालून तो वाजायचा थांबेपर्यंत डब्यांवरचे आकडे वाचत राहिलो. वहिनींना मी ते सांगितलं. मग गुलाबपाण्याचं सांगितलं. आणि मग मानेचं. वर्तमानपत्राचा कागद फाडून त्या पेले गुंडाळत होत्या, त्या गुंडाळतच राहिल्या. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “तो म्हणायचा, क्लबात माझीच चूक झाली. तुमचं नाव कधी घेतलं नाही. आता मला सांगून तुम्हाला बरं वाटत असेल.”

मी म्हणालो, “नाही.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या.

पेले संपले. मग त्यांनी त्या चार बाटल्या एकेक करून घेतल्या, झाकणं पुन्हा घट्ट पिळली आणि टॉवेलात ठेवल्या. माझ्या तोंडून गेलं, “वहिनी, त्यातली एक मला द्याल? निलगिरीची.”

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“नको,” वहिनी म्हणाल्या. “त्या चारही एकत्र लागतात.” आणि टॉवेलाची घडी घालून त्यांनी ती खोक्यात, सगळ्यात वर ठेवली.